माळ राखायचा, ज्वारी टिकवायची: सोलापुरात पैसा कुणाकडे मागावा?

उत्तर सोलापूर किंवा मोहोळ तालुक्यातला एखादा गट डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितोय. दहा-पंधरा शेतकरी, सोबत बायकांचा एक बचत गट आणि गावाचं थोडंफार गायरान. मनात दोन कामं. गायरानावरचं गवत परत आणायचं, आणि मालदांडी, गूळभेंडी अशा जुन्या ज्वारीचं बियाणं राखून तिचं पीठ, कडक भाकरी शहरात पोचवायची. अनुदानाची दारं बरीच आहेत. प्रत्येक दारात माणसं आधी विचारतात, “किती मिळतील?” मी म्हणतो, आधी हे विचारा: पहिला रुपया कुणाच्या खिशातून जाणार, आणि कोणत्या महिन्यात?

महिना महत्त्वाचा, कारण आपलं शेतीचं वर्ष रब्बीचं. ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, डिसेंबर-जानेवारीत हुरडा, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. बियाण्याची कणसं उभ्या रानात किंवा खळ्यावरच निवडावी लागतात, म्हणजे ती विकत घ्यायची तर रोख रक्कम तेव्हाच हवी. नेमकी तेव्हाच कचेऱ्यांत आणि कंपन्यांत मार्चअखेरची धांदल असते. बांधबंदिस्ती पिकं निघाल्यावर, पाऊस लागायच्या आत. एकदा काळं रान भिजलं की जेसीबी रुततो. हे वेळापत्रक कोणत्याही अर्जाच्या नमुन्यात नसतं. ते तुम्हालाच सांभाळायचंय.

कंपन्यांचा सीएसआर

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून खर्चायचा पैसा. सगळ्यांची पहिली धाव इकडेच. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक ओलांडणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्चावे लागतात. भूक-कुपोषण आणि पर्यावरण हे दोन्ही विषय त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत, म्हणजे आपली दोन्ही कामं बसतात. कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. त्यामुळे दक्षिण सोलापुरातल्या गावाने आधी फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज प्रकल्पाकडे बघणं साहजिक आहे. करमाळ्याच्या गावाला तोच अर्ज तितकासा कामाचा नाही.

अडचण पात्रतेत आहे. संस्थेकडे १२ए, ८०जी (दोन्ही आयकर सवलतीच्या) आणि सीएसआर-१ (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची) या नोंदण्या हव्यात, शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. गेल्या वर्षी धर्मादाय कार्यालयात नोंदवलेल्या ट्रस्टला हे जमत नाही. मग एखाद्या जुन्या संस्थेचं बोट धरावं लागतं. त्यात गैर काही नाही, पण खातं कुणाचं, सही कुणाची आणि संस्था स्वतःच्या खर्चापोटी किती ठेवणार, हे कागदावर घ्या. तोंडी बोलण्यावर विसंबलेले चांगले गट फुटलेले मी पाहिलेत.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. कंपन्यांना मोजता येणारं काम आवडतं, आणि झाड मोजता येतं. “गायरानावर पाच हजार झाडं लावा, ठिबक आम्ही देतो” असा प्रस्ताव आला की ग्रामसभेत टाळ्या पडतात. पण आपला माळ हे उजाड पडलेलं जंगल नव्हे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते गवतासाठी, झाडांसाठी नाही. माळढोकाला चहूकडे नजर पोचेल असा मोकळा माळ लागतो. तो पक्षी आता इथे दिसणं दुर्मीळ झालंय. तरी काळवीट, लांडगा, खोकड, धाविक याच गवतावर जगतात आणि धनगरांची मेंढरंही. तिथे ग्लिरिसिडियाच्या रांगा उभ्या करणं म्हणजे पैसे देऊन माळ मोडणं. म्हणून माझं स्पष्ट मत: झाडांच्या अटीवर येणारा पैसा गायरानासाठी नाकारा. फार तर शाळेभोवती, ओढ्याकाठी, बांधावर झाडं लावून देतो म्हणा. प्रस्तावात राखणदाराची मजुरी, पवन्या-मारवेलचं बी, पाळीपाळीने चराईचं नियोजन आणि वाढलेली झुडपं काढण्याचा खर्च मांडा. मोजमाप हवंच असेल तर कापलेल्या गवताच्या पेंढ्या मोजायला द्या. एखादा अधिकारी ऐकतो; सगळे ऐकत नाहीत.

नाबार्डचा पाणलोट

सीएसआरच्या नेमकं उलट. इथे घाई नाही आणि झगमगाटही नाही. नाबार्ड म्हणजे शेती आणि ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक. तिचा पाणलोट विकास निधी १९९९-२००० पासून आहे. त्याआधी महाराष्ट्रात जर्मन मदतीच्या पाणलोट कार्यक्रमात ही पद्धत रुळली. आधी छोट्या तुकड्यावर क्षमताबांधणीचा टप्पा, गावाने तो नीट केला तरच पूर्ण क्षेत्राचं काम. गावाची पाणलोट समिती लागते, मदतीला एक संस्था लागते आणि श्रमदान लागतं. रक्कम समितीच्या आणि संस्थेच्या संयुक्त खात्यावर, कामाच्या प्रगतीनुसार येते.

लोक श्रमदानाच्या अटीवर कुरकुरतात. मला ती या योजनेतली सर्वांत शहाणी अट वाटते. चार दिवस गाव कुदळ घेऊन माळावर येत नसेल, तर चराईबंदी पाळणार नाही हे तिथेच कळतं आणि तीन वर्षं वाया जात नाहीत. शिवाय समतल चर, बांध, गवताची पेरणी ही कामं माळाला मानवतात. तोटा एकच, पण मोठा: हे पूर्ण शिवाराचं काम आहे. पंधरा शेतकऱ्यांच्या गटाला ते एकट्याने मागता येत नाही. बियाणं-भाकरीच्या कामाला यातून फारसं काही मिळणार नाही.

भाकरीचा धंदा: पीएमएफएमई आणि उमेद

पीएमएफएमई ही सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना, २०२० ची. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख असं तिचं वर्णन ऐकून बऱ्याच जणांना वाटतं की १० लाख हातात पडतात. तसं नाही. आधी बँकेचं कर्ज मंजूर व्हावं लागतं, किमान १० टक्के स्वतःचे घालावे लागतात, आणि अनुदान कर्जखात्याशी जोडून बँकेत पडून राहतं. तीन वर्षं हप्ते नीट गेले तर कर्जात वळतं होतं. म्हणजे पहिला रुपया तुमचा, दुसरा बँकेचा, सरकारचा शेवटी. ज्यांच्या भाकरीला आज गिऱ्हाईक आहे, ज्यांना फक्त यंत्र आणि शेड हवी, त्यांच्यासाठी ही योजना उत्तम. गिऱ्हाईक नंतर शोधू म्हणणाऱ्यांसाठी ती कर्ज आहे, बाकी काही नाही. योजनेची मुदत २०२५-२६ पर्यंतची, म्हणून प्रकल्प अहवालावर खर्च करण्याआधी तालुका कृषी कार्यालयात ताजी स्थिती विचारा. आणि “टक्केवारीवर फाईल पास करून देतो” म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

याच योजनेत बचत गटाच्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल आहे. ते बँकेच्या फेऱ्यांशिवाय, उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या बचत गटांच्या संघामार्फत येतं आणि खेळतं भांडवल वा छोटी अवजारं यांना चालतं. उमेदचा फिरता निधीही आहेच. २०२३ मध्ये राज्याने तो गटामागे १५ हजारांवरून ३० हजार केला. रक्कम लहान वाटेल, पण मार्चमध्ये खळ्यावरून ज्वारी उचलायला अशीच रक्कम लागते, आणि ती गटाच्या स्वतःच्या खात्यात असते. माझ्या हिशेबात पहिल्या वर्षी हे ३० हजार कुणाच्या कबूल केलेल्या तीन लाखांपेक्षा मोलाचे.

बाकीची दारं

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही तलावातला गाळ काढून शेतात टाकण्याची राज्याची योजना. पाझर तलावातला गाळ शेतात नेणाऱ्या अल्पभूधारकाला घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५ हजारांच्या आणि अडीच एकरांच्या मर्यादेत मिळतात. मुरमाड रानावर ज्वारी घेणाऱ्याला याचा खरा फायदा. पण गाळ आधी वाहायचा, पैसे मागून.

परदेशी देणगीचं नाव सहसा शहरातला कुणी हौशी हितचिंतक काढतो. त्यासाठी लागणाऱ्या एफसीआरए (परदेशी देणगी कायदा) नोंदणीला तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, म्हणजे इथे जुन्या संस्थेचं बोट धरण्याचीही सोय उरली नाही. लहान गटाने हे दार विसरावं.

वनस्पती वाण संरक्षण प्राधिकरणाचा समुदाय पुरस्कार १० लाखांचा आहे, शेतकऱ्यांसाठी दीड आणि एक लाखाचेही आहेत. हे अनुदान नव्हे, केलेल्या कामाची पावती. तरी बियाणं राखणाऱ्या गटाने आजपासूनच कोणाकडून कोणता वाण आणला, किती पेरला, किती उगवला याची वही ठेवावी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाही कागदच कामी आले होते.

राहिली जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००२ च्या कायद्याने ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी, आणि बऱ्याच ठिकाणी कागदावर असतेही. तिच्याकडे निधी नावापुरता. मग तिचं काय करायचं? तिच्या नोंदवहीत गायरानावरची गवतं, पाखरं, कोण कधी चारतं हे सगळं लिहून घ्या, आणि ग्रामसभेचा ठराव करा की ही जमीन गवताची म्हणून राखायची. त्या ठरावाला खर्च नाही. उद्या कुणी झाडांचा किंवा सौर प्रकल्पाचा प्रस्ताव घेऊन आलं, तर पुढे ठेवायला तुमच्याकडे तोच एक कागद असेल.

तेव्हा गट नवा असेल तर माझा क्रम असा: या वर्षी ठराव, नोंदवही आणि उमेदचा पैसा, येत्या उन्हाळ्यात जमल्यास गाळ. गाव श्रमदानाला उतरतंय असं दिसलं तरच नाबार्डचं काम करणाऱ्या संस्थेला बोलवा. भाकरीची मागणी दोन हंगाम टिकली की मग बँक. सीएसआरला तिसऱ्या वर्षानंतर हात घाला, तोवर लेखापरीक्षणाचे तीन अहवाल हातात असतील. गट जुना असेल, कागद तयार असतील, तर सीएसआर आधी चालेल. फक्त अर्ज एप्रिल ते जूनमध्ये द्या. फेब्रुवारीत पैसे संपवायला निघालेल्या कंपनीकडून जे येतं ते मार्चच्या आत खर्चायचं असतं, आणि तेवढ्या वेळात झाडांचे खड्डेच काय ते होतात.