पुस्तकांना विशेष श्रेणी, संगणक कक्षाला जेमतेम उत्तीर्ण: बेळगावातील एका विधी महाविद्यालयाचे ग्रंथालय

खानापूरहून सकाळच्या बसने येऊन तीन वर्षांचा एलएलबी अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्याचे तास दुपारपर्यंत संपतात आणि परतीची सोयीची बस संध्याकाळीच असते. त्यामुळे मधले चार तास ग्रंथालयात काढणे हा माझ्या बाबतीत अभ्यासूपणाचा नव्हे, तर वेळापत्रकाचा भाग होता. या तीन वर्षांच्या वापरावरून हे परीक्षण लिहीत आहे. पुढे काही तक्रारीही येणार असल्याने महाविद्यालयाचे नाव देत नाही.

या ग्रंथालयाचे खरे धन मागच्या दालनातील लोखंडी कपाटांत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. सरकार बदलले, पण कायदे एका रात्रीत बदलले नाहीत, कारण राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ ने त्या त्या प्रदेशातील जुने कायदे पुढेही चालू ठेवले होते. म्हणूनच १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा या जिल्ह्यात राज्यांतरानंतरही लागू राहिला, आणि म्हैसूरचा १९६१ चा जमीन सुधारणा कायदा १९६५ मध्ये अमलात आल्यावरच त्याची जागा या नव्या कायद्याने घेतली. आपल्याकडे कुळाच्या जमिनीचा वाद निघाला की बोलणे फॉर्म नंबर ७ (कुळाने मालकी हक्कासाठी करायचा अर्ज) आणि कुळांच्या जमिनी सरकारकडे वर्ग झाल्या त्या १ मार्च १९७४ या तारखेपाशी येऊन थांबते हे खरे. पण ताबा नेमका केव्हापासूनचा हे पाहायला गेले की धागा मुंबई अमदानीत शिरतो. अशा वेळी न्यायालयांचे निवाडे छापणाऱ्या बॉम्बे लॉ रिपोर्टरचे जुने खंड आणि एआयआरच्या (ऑल इंडिया रिपोर्टर) मुंबई विभागाचे खंड हाताशी असणे ही चैन नसून गरज आहे, आणि येथे ते आहेत.

मी ज्या वकिलांकडे उमेदवारी करतो त्यांनी गेल्या वर्षी एका जुन्या कागदपत्रातील निवाडा शोधून आणायला सांगितले. कागदावर खंड आणि पान टंकलिखित होते. संगणकावर ते आकडे घातले, तर भलताच भागीदारीचा खटला पुढे आला. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर मी मागच्या दालनातील मामांकडे गेलो. त्यांनी कागद न बघताच विचारले, ‘‘पार्टीचं नाव काय? नाव सांग, पान राहू दे.’’ मग त्यांनी खंडाच्या आरंभीचा खटल्यांच्या नावांचा तक्ता काढला, त्यावरून बोट फिरवले आणि मागचा-पुढचा असे दोन खंड तपासून पाच मिनिटांत निवाडा समोर ठेवला. टंकलेखकाने खंडाचा आकडाच चुकवला होता. त्या खंडाच्या चामडी पाठीची तांबूस भुकटी माझ्या तळहाताला लागली, आणि समासात कुणा जुन्या वकिलाने निळ्या पेन्सिलीने मारलेली रेघ अजून स्पष्ट होती. असे खंड झेरॉक्स यंत्रावर उलटे दाबू देत नाहीत, कारण त्यात शिवण उसवते; मोबाइलने पानांची छायाचित्रे घेण्यास मात्र हरकत नसते. नियम योग्य आहे, आणि त्यामागचे कारण समजावून सांगितले जाते हे अधिक चांगले आहे.

देवघेवीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. एका वेळी दोन पुस्तके, पंधरा दिवसांची मुदत, उशिराला माफक दंड. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्यानंतर भारतीय न्याय संहितेवरील टीकाग्रंथांच्या प्रती अपुऱ्या पडल्या आणि अजूनही त्यांच्यासाठी नाव नोंदवून थांबावे लागते. तरी काउंटरशेजारी जुन्या-नव्या कलमांचा तुलनात्मक तक्ता लावलेला आहे, ज्यात ३०२ चे १०३ आणि ४२० चे ३१८ झाल्याचे उभ्या उभ्या दिसते. जुने टीकाग्रंथ कपाटातून हलवले नाहीत हेही शहाणपणाचे, कारण त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागू राहते.

संगणक कक्षात पाऊल टाकले की हा काटेकोरपणा दाराबाहेर राहतो. दहा संगणकांपैकी सात चालतात. नोंदवहीत नाव आणि वेळ लिहून पाऊण तास बसता येते. निवाड्यांच्या सशुल्क संकेतस्थळांची वर्गणी महाविद्यालय भरते, परंतु एका वेळी तिघांनाच प्रवेश मिळतो. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेआधी तेथे जी झुंबड उडते ती एसटी स्टँडला शोभावी. त्यात बरेच जण लॉग आउट न करता खिडकी तशीच बंद करून उठतात, त्यामुळे ती जागा आणखी काही काळ अडलेली राहते आणि रिकाम्या खुर्चीसमोर बसून पुढच्याला ‘मर्यादा संपली’ असा संदेश वाचावा लागतो. ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवी. मला ती दुसऱ्या वर्षी कळली. सर्वोच्च न्यायालयाचाच निवाडा हवा असेल, तर जानेवारी २०२३ पासून खुल्या झालेल्या ई-एससीआर या त्या न्यायालयाच्याच निवाडे-संकेतस्थळावर तो विनामूल्य मिळतो आणि काही निवाड्यांचे मराठी व कन्नड अनुवादही तेथे असतात. रांगेतील निम्मी गर्दी एवढ्या माहितीने कमी होईल, पण तसा एक कागदही भिंतीवर नाही.

माझी मोठी तक्रार कळफलकाची आहे. सीमाभागातील या महाविद्यालयात मराठी घरांतून आलेली मुले थोडीथोडकी नाहीत, तरी एकाही संगणकावर देवनागरी टंकलेखन सुरू नाही. कन्नडसाठी ‘नुडी’ बसवलेले आहे. ते असायलाच हवे, त्याबद्दल आक्षेप नाही. कायदा साक्षरता शिबिरासाठी आम्हाला एका मराठी गावात वाटायचे पत्रक तयार करायचे होते, विषय होता हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मिळालेला हक्क. मी मजकूर मोबाइलवर टंकून स्वतःलाच मेल केला आणि छपाईच्या संगणकावर उघडला, तेव्हा ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्या फुटून तेथे चौकोन उमटला होता. बावीस ठिकाणचे चौकोन पेनाने दुरुस्त करून मूळ प्रत झेरॉक्सला दिली. वास्तविक विंडोजमध्ये देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक मुळातच असतो. इनस्क्रिप्टची रचना भारतीय भाषांसाठी समान असल्याने कन्नडसाठी ती शिकलेल्याला मराठी अक्षरांच्या जागाही ओळखीच्या वाटतात. काही विकत घ्यायचे नाही, फक्त सेटिंगमध्ये भाषा वाढवायची आहे. पण ते सेटिंग पासवर्डखाली बंद आहे आणि पासवर्ड ज्यांच्याकडे आहे ते आठवड्यातून दोनदाच येतात.

सूचनावहीत हे मी ऑगस्टमध्ये लिहिले. त्याखाली ‘पाहण्यात येईल’ असा शेरा आणि सही आहे. मध्यंतरी एका कन्नडभाषक वर्गमित्राने त्याच पानावर ‘आम्हालाही संयुक्त पत्रकासाठी मराठी लागते’ अशी पुस्ती जोडली, त्यावर अजून शेरा पडलेला नाही.