तक्ता क्रमांक ४ गायब झाला: सामाजिक धोरणावरचं संशोधन ऑनलाइन शोधण्याचे सात महिने

गेल्या आठवड्यात एका अहवालातला तक्ता क्रमांक ४ नाहीसा झाला. वेबपत्ता तोच, मुखपृष्ठ तेच, प्रकाशनाचं वर्षही तेच. फक्त ३४व्या पानावर जिथे तक्ता होता, तिथे आता शाळेतल्या मुलांचा फोटो आहे. गरीब कुटुंबांना थेट रोख मदत देणाऱ्या एका योजनेचा हा अहवाल, आणि माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण या एका तक्त्याच्या आधारावर उभं. ‘सुधारित आवृत्ती’ एवढे दोन शब्दही कुठे लिहिलेले नाहीत.

संस्थेला ईमेल केला. आपोआप येणारं उत्तर आलं. पुन्हा केला, तर ‘वेबसाइटवर आहे तीच अंतिम आवृत्ती’ असं एका ओळीचं उत्तर. जुनी आवृत्ती का काढली आणि ती कुठे मिळेल, हे तिसऱ्यांदा विचारलं, त्यावर शांतता. मी तेव्हा अहवालाची प्रत उतरवून ठेवली नव्हती, लिंक होती ना! त्या संतापातच हा अनुभव लिहायला घेतला आहे.

गुगल स्कॉलर म्हणजे संशोधन लेख शोधायचं गुगलचं शोधयंत्र. थेट वापराकडे वळते. पहिले दोन महिने मी स्कॉलरवर लेखाखालचा उल्लेखांचा आकडा बघून लेख निवडत होते. हजार जणांनी उल्लेख केलाय म्हणजे लेख पक्का, असा माझा हिशोब. तो साफ चुकीचा होता. खोडून काढण्यासाठी केलेला उल्लेखही त्याच आकड्यात मोजला जातो. शिवाय स्कॉलरची यादी यंत्र बनवतं, त्यामुळे पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्सही चांगल्या जर्नलांच्या शेजारी बसलेली असतात. आता मी तो आकडा वाचत नाही, त्यावर क्लिक करते आणि उल्लेख करणाऱ्या लेखांच्या आत शोधते की कुणी हा अभ्यास पुन्हा करून पाहिलाय का. स्कॉलरचा खरा उपयोग मला इथेच झाला.

खर्चाबद्दल: सात महिन्यांत एकाही लेखासाठी पैसे मोजलेले नाहीत आणि मोजणारही नाही. वाचकाकडून घेतलेल्या त्या पैशातलं जर्नलमध्ये लिहिणाऱ्याला सहसा काहीच मिळत नाही. अनपेवॉल नावाचं मोफत एक्स्टेंशन ब्राउझरमध्ये टाकून ठेवा. लेखाची मोफत आणि कायदेशीर प्रत कुठे असेल तर बाजूला हिरवं उघडं कुलूप दिसतं. नाही दिसलं तर स्कॉलरमध्ये ‘सर्व आवृत्त्या’ उघडून बघा, बऱ्याचदा विद्यापीठाच्या संग्रहात प्रत सापडते. तिथेही नसेल तर लेखकाला चार ओळींचा ईमेल. मी अकरा जणांना लिहिलं, आठ जणांनी लेख पाठवला. एका प्राध्यापकांनी तर लेखासोबत मूळ आकडेवारीची फाइल दिली आणि ‘छापील लेखात एका तक्त्यात चूक राहिली आहे, ही दुरुस्ती बघ’ असंही लिहिलं. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो सांगून कळणार नाही.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. आकडा कुठून आला?

माझ्या पहिल्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य होतं, ‘जगातल्या गरिबांपैकी ७० टक्के स्त्रिया आहेत’. गाईड मॅडमनी समासात एवढंच लिहिलं: ‘कुठून?’ मी संदर्भ दिला होता, पण त्या लेखाने दुसऱ्या लेखाचा संदर्भ दिला होता, त्याने एका पुस्तिकेचा, आणि पुस्तिकेने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या १९९५च्या मानव विकास अहवालाचा. अहवाल उघडला. तिथे १३० कोटी गरिबांपैकी ७० टक्के स्त्रिया असं विधान आहे, पण ज्यावरून ते काढलं तो तक्ता काही मला मिळाला नाही. १९९८मध्येच एका लोकसंख्या अभ्यासकाने हा आकडा जुळत नाही असं दाखवलं होतं. साधं गणित करून बघा. १३० कोटींचे ७० टक्के म्हणजे ९१ कोटी स्त्रिया आणि ३९ कोटी पुरुष. गरिबी मोजतात घराच्या हिशोबाने, घर गरीब म्हणजे आतले सगळे गरीब. मग ५२ कोटींचा हा फरक येणार कुठून? फक्त बायका-मुली असलेली घरं इतकी कुठे आहेत? पुढे घरोघरच्या सर्वेक्षणांवरून जे अंदाज आले त्यांत स्त्रियांचं प्रमाण निम्म्याच्या आसपासच निघतं. घरात कुणाच्या वाट्याला किती येतं हा प्रश्न खरा आणि गंभीर आहे, पण त्याचं उत्तर हा आकडा देत नाही. तरी तो अजून नव्या लेखांत दिसतो. वाक्य एक, आणि शोधायला चार दिवस गेले. मला त्यातला एकही दिवस वाया गेला असं वाटत नाही.

मोठ्या नावांनाही हाच प्रश्न विचारावा लागतो. राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१०मध्ये मांडलं की सरकारी कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की आर्थिक वाढ कोसळते. सरकारी खर्चकपातीच्या समर्थनासाठी ते जगभर वापरलं गेलं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तो निष्कर्ष पुन्हा काढायचा होता, तो काही केल्या जुळेना. त्याने लेखकांकडून एक्सेल फाइल मागवली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. शिवाय काही वर्षं वगळलेली होती आणि सरासरीत कोणत्या देशाला किती वजन द्यायचं, त्या पद्धतीवरही आक्षेप निघाला. एवढं कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्याच्या जागी २.२ टक्के निघाली. हे २०१३मध्ये, त्याच्या दोन प्राध्यापकांसोबत प्रसिद्ध झालं. फाइल मागणं हा विद्यार्थ्याचा आगाऊपणा नाही, हे मी तेव्हापासून धरून चालते.

कॅम्पबेल कोलॅबोरेशन ही संस्था एकेका सामाजिक प्रश्नावरचे अभ्यास एकत्र तपासून आढावे काढते. तिच्याबद्दल माझं मत पूर्ण बदललं आहे. तिथले आढावे मोफत वाचता येतात, पण सुरुवातीला मला ते कंटाळवाणे वाटले: विषय मोजके, आणि जिथे तिथे ‘पुरावा अपुरा’. मग अमेरिकेतल्या ‘स्केअर्ड स्ट्रेट’ कार्यक्रमांवरचा आढावा वाचला. गुन्ह्यांकडे वळू शकणाऱ्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून घाबरवायचं, म्हणजे ती सुधारतील, ही कल्पना. सुधारलेल्या मुलांच्या कहाण्या भरपूर होत्या. आढाव्यात ९ प्रयोग एकत्र तपासले, तर कार्यक्रमाला न नेलेल्या मुलांपेक्षा तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी पुढे जास्त गुन्हे केलेले निघाले. एकेक अभ्यास वाचून मी या निष्कर्षापर्यंत कधीच पोचले नसते. आता नव्या विषयाची सुरुवात तिथूनच करते, आणि आधी वाचते ती वगळलेल्या अभ्यासांची यादी. कोणता अभ्यास का बाद झाला हे वाचून संशोधनाची पद्धत जेवढी कळली तेवढी वर्गातही कळली नव्हती.

एआय चॅटबॉट: एकदा वापरला. लेखक खरा, जर्नल खरं, खंड क्रमांकही दिलेला, पण असा लेखच अस्तित्वात नाही. संदर्भ शोधायला पुन्हा विचारलं नाही. संदर्भ जपून ठेवणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर मात्र ठेवाच. मागे घेतलेला लेख तुमच्या संग्रहात असेल तर तो लाल पट्टी दाखवतो.

इथपर्यंत लिहून ठेवलं आणि दोन दिवसांनी वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीन या साइटवर त्या अहवालाचा पत्ता टाकून पाहिला. पाच महिन्यांपूर्वीची प्रत निघाली, तक्ता क्रमांक ४ सकट! पण या वेळी मी तक्त्याखालची बारीक अक्षरातली टीप वाचली. मध्येच योजना सोडून गेलेली कुटुंबं या तक्त्यात धरलेली नाहीत. म्हणजे जी टिकली त्यांचंच भलं झालेलं दिसणार. ज्यांना बँकेपर्यंत पोचता आलं नाही, ज्यांची कागदपत्रं अडली, ती मोजणीतच नाहीत. पाच महिने मी हा तक्ता पुरावा म्हणून मिरवत होते आणि त्याची टीप वाचलेली नव्हती.

त्यामुळे संस्थेवरचा राग संपला असं नाही. तक्ता कच्चा होता तर तसं लिहून काढायचा, गुपचूप फोटो लावून नाही. चौथा ईमेल आज सकाळी पाठवला आहे, सगळी कुटुंबं धरून केलेला तक्ता मागितला आहे. तोवर तिसरं प्रकरण नव्याने लिहायला घेतलंय. जुना तक्ता तळटिपेत गेला, प्रत कोणत्या तारखेची हे शेजारी लिहून. आणि उघडलेल्या प्रत्येक अहवालाची फाइल आता तारखेसकट माझ्याकडे उतरवलेली आहे.