नऊ महिने विकिपीडियावर संपादन करताना: संदर्भ, चर्चापान आणि पानाचा इतिहास

विकिपीडिया मी वाचक म्हणून अनेक वर्षे वापरत होते. संपादनासाठी खाते उघडून आता नऊ महिने झाले. या काळातली माझी बहुतेक संपादने शुद्धलेखनाची आणि तुटलेल्या दुव्यांची होती. ज्या मोजक्या संपादनांवरून वाद झाला, त्यांतूनच मी हे काम शिकले, म्हणून हा अनुभव लेखांपेक्षा त्यांच्यामागच्या चर्चापानाविषयी (लेखातल्या मजकुरावर संपादक जिथे बोलतात ते पान) आणि इतिहासाविषयी (लेखातल्या प्रत्येक बदलाची नोंद) अधिक आहे.

सुरुवातीच्या दिवसांत एका दिवंगत गायकावरच्या लेखात मला जन्मवर्ष १८८४ असे दिसले. माझ्या संग्रहातल्या एका चरित्रपर पुस्तकात ते १८८६ होते, म्हणून मी आकडा बदलला आणि पान जतन केले. अर्ध्या तासात एका अनुभवी संपादकाने तो बदल उलटवला व बदलाचे कारण देण्याच्या सारांशाच्या जागी 'संदर्भ हवा' एवढेच लिहिले. मी पुन्हा बदल केला, त्यांनी पुन्हा उलटवला. मला राग आला होता, कारण माझी माहिती बरोबर होती याची मला खात्री होती. पण ती खात्री वाचकाला पडताळून पाहता येत नाही आणि जो मजकूर घालतो त्यानेच आधार द्यायचा असतो, हा इथला पायाभूत नियम मी तोवर नीट वाचलाच नव्हता. इंग्रजी विकिपीडियावर तर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणी केल्यास संपादनावर बंदी येऊ शकते. मी चर्चापानावर गेले आणि पुस्तकाचे नाव, प्रकाशक, आवृत्ती व पृष्ठ क्रमांक लिहिला.

समोरच्या संपादकांनी उत्तरादाखल वृत्तपत्रांतले दोन लेख आणि एक संकेतस्थळ दाखवले. तिन्ही ठिकाणी १८८४ होते. एकास तीन असा हिशेब झाला असता तर विषय तिथेच संपला असता, परंतु चर्चेचा निर्णय मते मोजून होत नाही, युक्तिवादाचे वजन पाहून होतो, आणि नेमके हेच इथे उपयोगी पडले. तिसऱ्या एका सदस्याने पानाचा इतिहास उघडला आणि जुन्या आवृत्त्या मागे मागे जात तपासल्या. मुळात लेखात १८८६ हेच वर्ष होते. काही वर्षांपूर्वी खाते नसलेल्या कोणीतरी कसलाही संदर्भ न देता ते १८८४ केले होते. दोन्ही वृत्तपत्रीय लेख त्यानंतरचे होते आणि त्यांतल्या एकात तर विकिपीडियावरच्या याच लेखातली दोन वाक्ये जवळजवळ जशीच्या तशी होती. संकेतस्थळावर तारीखच नव्हती.

त्या जुन्या बदलाची नोंद मी बराच वेळ पाहत होते. दोन आवृत्त्यांची तुलना उघडल्यावर डावीकडे जुनी ओळ, उजवीकडे नवी आणि दोहोंत फक्त एक अंक वेगळा. बदलाचा आकार बाइट्समध्ये दिसतो: भर पडली तर हिरव्या रंगात, घट झाली तर लाल रंगात. इथे अंकाच्या जागी अंक आल्यामुळे तो शून्य होता. एखादा परिच्छेद कोणी उडवला तर लाल आकडा लगेच डोळ्यांत भरतो. शून्य बाइट्सचा बदल मात्र लक्ष ठेवणाऱ्यांच्या नजरेखालून निसटून जातो. तेव्हापासून मी शून्य आकाराचा बदल दिसला की तो हमखास उघडून पाहते.

असे चक्राकार संदर्भ, म्हणजे विकिपीडियावरूनच उचललेली माहिती पुन्हा विकिपीडियाला आधार म्हणून दाखवणे, दुर्मीळ नाहीत. २००८ मध्ये एका विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्यावरच्या इंग्रजी लेखात 'ब्राझिलियन आर्डव्हार्क' हे मनचे टोपणनाव घातले. पुढे ते वृत्तपत्रांत आणि छापील पुस्तकातही वापरले गेले आणि तेच उल्लेख मग त्या नावाचा आधार म्हणून दाखवता येऊ लागले. म्हणून संदर्भ किती आहेत यापेक्षा ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, हे आधी पाहावे असे माझे ठाम मत झाले आहे.

संदर्भ जोडण्याची सोय चांगली आहे: दुवा किंवा पुस्तकाचा आयएसबीएन (ओळख) क्रमांक टाकला की बरीचशी माहिती आपोआप भरली जाते. ती तशीच जतन करू नये, कारण लेखकाचे नाव चुकीच्या रकान्यात जाते किंवा प्रकाशनाची तारीख गळते. त्याहून मोठी अडचण अशी की वाक्याच्या शेवटी क्रमांक दिसला की वाचक निश्चिंत होतो. पण मी उघडून पाहिलेल्या कित्येक संदर्भांत त्या वाक्यातली अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी नंतर कोणीतरी मध्येच घुसवलेली असते आणि जुन्या क्रमांकाच्या आश्रयाने ती टिकून राहते. जालावर नसलेले पुस्तकही संदर्भ म्हणून तितकेच ग्राह्य आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. फक्त पृष्ठ क्रमांक हवाच.

जे खटकले तेही सांगते. जुने सदस्य धोरणांची संक्षिप्त नावे सहज वापरतात आणि नवख्याला ती दरडावल्यासारखी वाटतात. 'संदर्भ हवा' या दोन शब्दांऐवजी एक पूर्ण वाक्य आले असते तर माझी दुसरी उलटवणी झालीच नसती. काही चर्चा थकवा येईपर्यंत लांबतात. हयात व्यक्तींविषयीचा निराधार आक्षेपार्ह मजकूर मात्र चर्चेची वाट न पाहता काढला जातो, आणि ते योग्यच आहे.

त्या गायकाच्या लेखात आता १८८६ आहे, पुस्तकाच्या संदर्भासह. काही ठिकाणी १८८४ आढळते, अशी तळटीपही आहे. ज्यांनी माझा बदल उलटवला होता त्यांनीच ती लिहिली. मागच्या आठवड्यात त्यांनी चर्चापानावर विचारले आहे की, चरित्रकाराने ते वर्ष कशावरून घेतले याचा उल्लेख पुस्तकात कुठे आहे का. प्रस्तावना आणि परिशिष्टे वाचून झाली आहेत. पहिल्या प्रकरणाच्या टिपा अजून पाहायच्या आहेत.