एजंटसाठी टूलची माहिती: लांबलचक रीडमी की स्कीमा?

शाहूपुरीतला मित्र गुळाच्या अडतीचं सॉफ्टवेअर एआय एजंटला जोडतोय. टूल म्हणजे एजंट वापरतो ती सॉफ्टवेअरमधली एकेक सोय. सगळ्यांची एकच रीडमी (गद्यातली माहितीची फाइल) लिहू की प्रत्येक टूलला स्कीमा (कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा साचा), यात अडकलाय.

रीडमी एका दुपारचं काम. पण दर वेळी सगळी वाचायची म्हणजे टोकन (एआय वाचतो ते मजकुराचे तुकडे, खर्च त्यांवरच) जळतात. (स्कीमाही खातो, पण मोजकेच.) खरा फरक चुकांत. त्याच्या टूलला नुसतं 'वजन' लागायचं. एजंटनं 30 किलोचा गुळाचा रवा (ढेप) चक्क 30 क्विंटल धरला! स्कीमात 'वजन_किलो, फक्त आकडा, उदा. 30' लिहिलं, प्रश्न मिटला. 2024 मध्ये आलेल्या एमसीपीतही (एआयला बाहेरची टूल जोडायची एक सामाईक पद्धत) टूलचं नाव, वर्णन आणि इनपुट स्कीमाच एजंटपुढे येतो. मात्र 'आधी सौदा, मग पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती)' हा क्रम गद्यातच नीट सांगता येतो.

दोन-तीन टूल, तेही नुसती माहिती बघायची, तर रीडमी पुरे. पैशाच्या नोंदी होणार असतील तर स्कीमाच, आणि क्रमासाठी वर चार ओळी.