सी प्रोग्रॅममधून लुआची फंक्शने बोलावताना: हळदीच्या एका हंगामानंतरचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानाचा हिशेब सी भाषेतल्या प्रोग्रॅमवर चालतो आणि त्या प्रोग्रॅममध्ये लुआ ही छोटी स्क्रिप्ट भाषा बसवलेली आहे. वजनकाट्यावरून आकडा घेणे आणि पट्टी छापणे ही कामे सीकडे आहेत. हमाली, तोलाई आणि अडत यांची आकारणी मात्र लुआच्या एका साध्या मजकूर फाइलीत आहे, कारण दर बदलला की सगळा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करून दुकानात नेऊन बसवणे परवडत नाही. लुआ एमआयटी परवान्याखाली फुकट मिळते, काही शे किलोबाइटांत मावते आणि जुन्या संगणकावर सुखाने चालते. माझ्यापुरती निवड एवढ्यावरच ठरली होती.

ऐन हंगामात, यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असताना, प्रोग्रॅम अधूनमधून बंद पडू लागला. ज्याने तो मुळात लिहून दिला त्या पुरवठादाराने पाहणीही न करता नवा संगणक घेण्याचा सल्ला दिला. त्याचा मला आजही राग येतो, कारण दोष त्याच्याच कोडमध्ये होता.

सीमधून लुआचे फंक्शन बोलावण्यासाठी ‘लुआ_गेटग्लोबल’ने ते आधी स्टॅकवर, म्हणजे सी आणि लुआ यांच्यात मूल्यांची देवाणघेवाण होते त्या थप्पीवर, आणतात, त्यावर वजन, दर आणि पोत्यांची संख्या क्रमाने ढकलतात आणि फंक्शन चालवणाऱ्या ‘लुआ_पीकॉल’ला किती आर्ग्युमेंट (फंक्शनला पुरवलेली मूल्ये) दिली व किती उत्तरे हवीत हे सांगतात. पीकॉल फंक्शन आणि आर्ग्युमेंट स्वतः काढून घेतो व त्यांच्या जागी उत्तरे ठेवतो. ती वाचून ‘लुआ_पॉप’ने जागा मोकळी करणे हे सी लिहिणाऱ्याचे काम. कॉल फसला तर उत्तरांऐवजी फक्त एरर संदेश स्टॅकवर उरतो. पुरवठादाराने कॉल यशस्वी झाल्यावर पॉप केला होता, फसल्यावर केला नव्हता. ज्या लॉटचे वजन भरायचे राहिले असेल तिथे लुआला निलचा, म्हणजे रिकाम्या मूल्याचा, गुणाकार करावा लागे, कॉल फसे, प्रोग्रॅम निमूटपणे पुढे जाई आणि एक संदेश स्टॅकवर साचून राही. लुआ सुरुवातीला 20 मोकळ्या जागांचीच हमी देते. त्यापुढे ‘लुआ_चेकस्टॅक’ने जागा न मागता ढकलत राहिले तर काय होईल याची कोणतीही शाश्वती नसते. म्हणूनच बिघाड दर वेळी वेगळ्या ठिकाणी दिसत असे. दुरुस्ती अवघ्या एका ओळीची निघाली.

त्या काळात माझे मत स्पष्ट होते: ही हाताने सांभाळायची स्टॅक म्हणजे लुआचा मोठा दोष असून तिच्याऐवजी पायथन ही दुसरी भाषा बसवावी. पायथनचा सी इंटरफेस नीट वाचल्यावर मात्र हे मत टिकले नाही. तिथे स्टॅक नाही, पण हाती आलेल्या बहुतेक ऑब्जेक्टची मालकी कोणाची हे ओळखून ‘पाय_डेकरेफ’ने त्यावरचा आपला संदर्भ, म्हणजे हक्क, स्वतः सोडावा लागतो. लुआमध्ये मूल्य स्टॅकवर असेपर्यंत गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग) त्याला हात लावत नाही आणि स्टॅकवरून काढले की माझी जबाबदारी संपते. शिवाय ही जबाबदारी तपासता येते: कॉलपूर्वी ‘लुआ_गेटटॉप’ने उंची टिपून ठेवायची आणि बाहेर पडताना, कॉल यशस्वी झालेला असो वा फसलेला, ‘लुआ_सेटटॉप’ने तीच उंची परत आणायची. हे मी एकाच सी फंक्शनमध्ये बांधले आहे आणि आकारणीचा प्रत्येक कॉल त्यातूनच जातो.

पीकॉलच्या शेवटच्या आर्ग्युमेंटकडेही मी सर्वांचे लक्ष वेधू इच्छितो. तिथे शून्य दिले तर फक्त त्रोटक संदेश मिळतो. संदेश हाताळणाऱ्या फंक्शनची जागा दिली तर ते फसलेल्या कॉलची साखळी गुंडाळली जाण्याआधी चालते आणि आकारणीच्या फाइलीतील कोणत्या ओळीपर्यंत काम कसे पोहोचले याचा संपूर्ण माग देते. आता तो माग लॉग फाइलीत जातो आणि वजन राहिलेला लॉट दिवाणजींना त्याच क्षणी पडद्यावर दिसतो.

एक तक्रार शिल्लक आहे. 2015 मध्ये आलेल्या 5.3 आवृत्तीपासून पूर्णांक आणि दशांश संख्या वेगळ्या झाल्या आणि भागाकाराचे उत्तर नेहमी दशांश येते, त्यामुळे लुआने मजकूर करून दिलेली रक्कम पट्टीवर ‘1200.0’ अशी छापली गेली. शेतकऱ्याच्या हाती द्यायच्या कागदावर असला आकडा मला मान्य नाही. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणूनच, लुआकडून घेतो आणि रुपयांची मांडणी सीमध्ये करतो.

हमालीचा दर त्यानंतर एकदा बदलला, तेव्हा दिवाणजींनी फाइलीतला आकडा स्वतः बदलला आणि पुढची पट्टी नव्या दराने निघाली. नवा संगणक घेतलेला नाही.