बासष्ट हजारांचं ‘वर्ल्ड टूर किट’

माझं रोजचं काम म्हणजे दुसऱ्याच्या मालातली खोट काढणं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटीला आहे. कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, पडला की काही बहाद्दर त्यात लांबी (पुट्टी) भरतात, वरून रंग मारतात आणि पार्ट हळूच चांगल्या मालात सरकवतात. हातोडीनं टकटक केलं की आवाजावरून कळतं. चौदा वर्षं हेच करतोय. आणि गेल्या मार्चमध्ये रंकाळ्यावर, चहाच्या गाड्याशेजारी उभं राहून, मी स्वतः ६२,००० रुपयांची लांबी विकत घेतली.

दिवाळीनंतर मी आणि बायको वर्षभरासाठी बाहेर पडणार आहोत. नेपाळ, थायलंड, व्हिएतनाम, मग जॉर्जिया आणि तुर्कस्तान, पुढचं पैसे उरतील तसं. फोटो फिल्मवर काढायचे हे माझं जुनं खूळ. ‘मोबाईल असताना कशाला’ हे घरातल्या प्रत्येकानं विचारून झालंय आणि प्रत्येक वेळी जेवण गार झालंय, त्यामुळे तो विषय इथं नको.

कॅमेरा कुठला घ्यायचा यावर मी चार महिने घालवले. कॅनन एई-१ स्वस्तात मिळतो, पण त्याची सहा व्होल्टची बॅटरी संपली की तो नुसता ठोकळा, शटरच (फिल्मवर उजेड सोडणारे आतले पडदे) पडत नाही. ऑलिंपस ओएम-१ हलका, लहान, मला फार आवडलेला, पण त्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागते आणि ती आता बनत नाही. पेंटॅक्स के१००० म्हणजे निव्वळ बैल, पण त्याच्या शटरचा वेग १/१००० सेकंदावर थांबतो. शेवटी गाडी निकॉन एफएम२ वर आली. शटर पूर्ण यांत्रिक, १/४००० पर्यंत, बॅटरीशिवाय चालतं. मीटरपुरत्या दोन एलआर४४ लागतात, त्या कुठल्याही घड्याळवाल्याकडं मिळतात. बॉडी अर्ध्या किलोच्या थोडी वर. लांबच्या प्रवासाला याहून शहाणी निवड क्वचित असेल, असं मी आजही म्हणतो.

निवड चुकली नाही. चुकलं ते एवढंच की ती झाल्यावर मी सगळीकडं बोलत सुटलो. फसवणाऱ्याला अडाणी गिऱ्हाईक आवडतं असं आपण समजतो. मला फसवणाऱ्याला वाचून आलेलं गिऱ्हाईक हवं होतं, कारण मग त्याला काही पटवून द्यावं लागत नाही, आपलीच वाक्यं तो आपल्याला परत ऐकवतो.

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवर त्याची जाहिरात दिसली. एफएम२एन (एफएम२ चीच पुढची आवृत्ती), २८, ५० आणि १३५ मिलिमीटरच्या तीन लेन्स, कॅनव्हासची बॅग आणि कोडॅक गोल्ड २०० चे तीस रोल. बॉडीचे २८,०००, लेन्सचे १६,०००, रोल ६०० रुपयांना एक. हाच गोल्ड दुकानात मला जवळपास दुप्पट भावानं पडत होता. तिथंच माझं डोकं गहाण पडलं. फोनवर तो म्हणाला, “सर, मी स्वतः चौदा देश फिरून आलोय. बाहेर फिल्म मिळत नाही, इथूनच न्यायची.” हे साफ खोटं आहे आणि मला ते खोटं असल्याचं माहीत होतं. बँकॉक, टोकियो, बर्लिन, कुठंही फिल्म मिळते. उलट तीस रोल घरापासून ओढत नेले तर प्रत्येक विमानतळावर एक्स-रेनं फिल्म खराब होण्याचा घोर. चेक-इनच्या बॅगेत फिल्म कधीच टाकायची नसते, आणि केबिन बॅगेसाठी आता जे नवे सीटी स्कॅनर बसतायत त्यातूनही ती जाऊ द्यायची नसते, हातात काढून ‘हातानं तपासा’ म्हणून विनंती करावी लागते. पाच-सहा रोल न्यावेत, बाकी वाटेत घ्यावेत, हे मीच माझ्या वहीत लिहून ठेवलं होतं. पण ६०० चा आकडा दिसला आणि वही मिटली.

टोकन म्हणून ५,००० आधीच पाठवले. रविवारी संध्याकाळी तो रंकाळ्यावर आला. वेळ त्यानंच ठरवली होती, साडेसहाची. आता कळतं, उजेड जाण्याची वेळ. दिसायला तिशीचा, दाढी, पाठीवर मोठी सॅक, कॅमेऱ्याच्या पट्ट्याला देशोदेशीच्या झेंड्यांचे पॅच शिवलेले. मला ‘सर’, बायकोला ‘वहिनी’. चहाचे पैसे त्यानंच दिले.

मी कॅमेरा हातात घेतला. काळा रंग एकसारखा, चामडं नवंकोरं. मागचं दार उघडलं, कडेचे फोम नवे. जुन्या कॅमेऱ्यात हे फोम कुजून डांबरासारखे चिकट होतात, इथं तर करकरीत. म्हणजे सर्व्हिसिंग झालंय हे खरं, असं मी धरलं. फोम बदलायला अर्धा तास आणि शे-दोनशे रुपये लागतात. शटर मारून पाहिलं, आवाज काय सुरेख. तो म्हणाला, “२००६ चा पीस आहे सर, शेवटच्या लॉटमधला.” एफएम२एनचं उत्पादन २००१ मध्येच थांबलं. हेही मी वाचलेलं होतं. तिथं उभं असताना ते आठवलं नाही, किंवा आठवायचं नव्हतं.

उरलेले ५७,००० यूपीआयनं दिले. स्क्रीनवर भलतंच नाव आलं. “मेव्हण्याचं खातं आहे, माझं केवायसी अडकलंय.” बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी पिन दाबला. ते पाहणं तिनं अजून विसरलेलं नाही.

चाचणीसाठी एक रोल भरला. रंकाळा, जोतिबाची वाट, आणि खरी कॉर्नरचा तो कॅमेऱ्याचा स्तंभ. बाबूराव पेंटरांनी स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा ज्या गावात घडवला त्या गावातून निघताना पहिला फोटो त्याचाच काढावा, अशी आमची भाबडी कल्पना. रोल पुण्याच्या एका लॅबला कुरिअर केला. चार दिवसांनी तिथून फोन. “तुमचा रोल मी मशीनला लावलेला नाही. हा गोल्ड नाहीच.”

लॅबवाल्यानं जे समजावलं ते नीट वाचा, कारण हा उद्योग सहज करता येतो. सिनेमाच्या निगेटिव्ह फिल्मच्या पाठीवर काजळीसारखा काळा थर असायचा (कोडॅकनं तो २०२५ पासून काढायला सुरुवात केली), त्याला रेमजेट म्हणतात. ती फिल्म ईसीएन-२ नावाच्या वेगळ्या प्रक्रियेनं धुतात. फोटोचा साधा रंगीत रोल धुतात सी-४१ नं. रेमजेटवाला रोल चुकून सी-४१ च्या मशीनमध्ये गेला की काजळी सुटते, रसायन नासतं आणि इतर गिऱ्हाइकांच्या रोलवर डाग बसतात. माझ्या रोलमध्ये सिनेमाची फिल्म होती, गोल्डच्या वापरलेल्या डबीत भरलेली. सिनेमाच्या मोठ्या रिळातून दीड मीटर कापायची, जुन्या डबीच्या तोंडाशी उरलेल्या शेपटाला टेपनं जोडायची आणि अंधारात आत गुंडाळायची. झाला गोल्ड. ही फिल्म वाईट नसते बरं का, बरेच जण ती तसं सांगून प्रामाणिकपणे विकतात. मला ती गोल्ड म्हणून विकली.

आणि हे मला रंकाळ्यावर उघड्या डोळ्यांनी दिसलं असतं. रोलमधून जी जीभ बाहेर असते तिची मागची बाजू बघायची. साध्या रंगीत रोलची ती बाजू चकचकीत असते. माझ्या तीसही रोलची पाठ पाटीसारखी मॅट काळी होती. मी घरी एका रोलची जीभ कापून खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात बुडवली आणि बोटानं घासली. बोट असं काळं झालं की चुलीवरचं पातेलं घासल्यासारखं. रोल खोक्याशिवाय नुसत्या प्लॅस्टिकच्या डब्यांत होते, त्याचं कारण त्यानं ‘प्रवासात वजन नको म्हणून’ असं दिलं होतं. खोक्यावर बॅच आणि मुदत छापलेली असते, एवढंच त्या वजनाचं रहस्य.

लॅबवाला भला माणूस. त्यानं थर हातानं काढून तो एक रोल धुऊन दिला. निगेटिव्हच्या कडेला स्वच्छ छापलेलं होतं ५२१९. म्हणजे कोडॅकची व्हिजन३ ५०० टी, ट्यूबलाइट नव्हे तर जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी बनवलेली. मी ती गोल्ड समजून भर उन्हात वापरली होती, त्यामुळे सगळं जोतिबा निळसर. पण त्याहून वाईट म्हणजे उन्हात १/१००० वर काढलेल्या प्रत्येक फोटोच्या लांब कडेला एक काळा पट्टा. स्तंभाचा माथा त्यात गेला होता.

आमच्याकडं महाद्वार रोडच्या बाजूला कॅमेरे दुरुस्त करणारे एक जुने मिस्त्रीकाका आहेत. दुकानात कोपऱ्यात डबा टीव्ही, केबल नसलेला, नुसता मुंग्या दाखवणारा. मला वाटायचं काकांना टाकवत नाही म्हणून ठेवलाय. काकांनी कॅमेऱ्याची लेन्स काढली, मागचं दार उघडलं, कॅमेरा उभा करून टीव्हीसमोर धरला आणि मला आतून बघायला लावलं. १/२५० ला शटर पडलं तेव्हा उजेडाची तिरकी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. १/१००० ला तीच पट्टी निमुळती होत गेली आणि कडेला पोचायच्या आतच विझली. मागचा पडदा पुढच्याला गाठत होता. १/४००० ला जवळजवळ काहीच दिसलं नाही.

मग काकांनी वेगाची चकती माझ्यापुढं केली. “ह्यो आकडा बघ की.” १२५ आणि २५० च्या सोबतीला एक्स २०० असं लिहिलेलं, म्हणजे फ्लॅशसाठी लावायचा वेग. “आता मागं नंबर बघ.” नंबरच्या आधी एन. हा नंबर तर मी स्वतः टिपून ठेवला होता. परत येताना ड्युटीची कटकट नको म्हणून जाताना विमानतळावर कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं होतं, त्यासाठी. एक्स २०० ची खूण १९८२ च्या पहिल्या एफएम२ ची. १९८४ च्या एफएम२एनमध्ये ती नाही, तिथं २५० चा आकडा लाल असतो. एन आणि एक्स २०० एका अंगावर येऊच शकत नाहीत.

“मर्दा, दोन बैलांचा मिळून एक बैल केलाय,” काका म्हणाले. “वरचं झाकण एकाचं, धड दुसऱ्याचं. रंग तेवढा झकास मारलाय.”

रंग झकास मारलाय. हे वाक्य मी स्वतः दिवसातून दहा वेळा म्हणतो.

लेन्सचं थोडक्यात. मागून मोबाईलचा टॉर्च मारून पुढून पाहिलं तर २८ च्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. ५० चांगली निघाली. १३५ ठीक. टॉर्च माझ्या खिशातच होता.

सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन केला, त्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पोलीस ठाण्यातही गेलो. हवालदारांचं म्हणणं, वस्तू तर मिळाली आहे, मग हा वाद मालाच्या दर्जाचा. मी लॅबचा मेल, काकांनी लिहून दिलेली चिठ्ठी आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट पुढं ठेवले, तेव्हा अर्ज घेतला. जुन्या भाषेत चारसोवीस, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. पैसे ज्या खात्यात गेले ते चोवीस तासांत रिकामं झालेलं. माझी तक्रार गेली तीन आठवड्यांनी, कारण रोल धुऊन येईपर्यंत मी खुशीत होतो. स्क्रीनशॉट मात्र लगेच काढून ठेवा. त्यानं जाहिरात दुसऱ्याच दिवशी उडवली होती, माझ्याकडं होते ते केवळ माझ्या मेव्हण्याला फुशारकी मारायला पाठवले म्हणून.

अजूनही कुणाला असं किट घ्यायचं असेल तर दिवसा भेटा, दुपारी बारा-एकला. लेन्स काढा, दार उघडा, शटरचा सगळ्यात वरचा वेग लावा, कॅमेरा आकाशाकडं धरून मागून बघत बटण दाबा. पूर्ण चौकोन चमकला पाहिजे. एखादी कड काळी राहिली तर चहा पिऊन घरी या. पडद्यांचा वेग थोडाच कमी-जास्त असेल तर तो डोळ्याला कळत नाही, त्यासाठी रोलच काढून धुवावा लागतो. म्हणून विकणाऱ्याला सांगा, निम्मे पैसे आज, निम्मे एक रोल धुऊन आल्यावर. नाही म्हणाला तर कारण विचारू नका. ‘किट’ म्हणून तर काहीच घेऊ नका. बॉडी एकाकडून, लेन्स दुसऱ्याकडून, फिल्म दुकानातून, बिलासह. गठ्ठ्यात एखादी वस्तू खरी असते आणि ती बाकीच्यांची जामीन राहते. माझ्या गठ्ठ्यात ती ५० ची लेन्स होती.

काकांनी स्प्रिंगचा ताण जमेल तेवढा सुधारून दिला. १/५०० पर्यंत कॅमेरा आता बरा चालतो. चकतीवर ५०० च्या पुढं त्यांनी नेलपेंटचा लाल ठिपका दिलाय, त्याच्यापलीकडं जायचं नाही. एकोणतीस रोल लॅबवाल्यानंच निम्म्या भावात उचलले, ‘सिनेमाची फिल्म’ असं लिहून विकायला. आम्ही याच कॅमेऱ्यावर निघणार आहोत.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, शहर वेगळं, पण पट्ट्यावरचे झेंडे तेच आणि कॅनव्हासची बॅगही तशीच. मी बायकोच्या मोबाईलवरून निरोप टाकला, ‘दादा, दार उघडून आकाशाकडं धरून १/४००० चा व्हिडिओ पाठवाल का?’ दोन निळ्या खुणा आल्या. पाच मिनिटांनी त्याचा फोटो दिसेनासा झाला. जाहिरात अजून आहे. किंमत तेवढी ५८,००० झालीय.