कोकोच्या टरफलांचं मल्च: झाडं खूश, कुत्रा सलाइनवर

दोन स्टार, तेही झाडांकडे बघून.

उन्हाळाभर मल्चने, म्हणजे मातीवर पसरायच्या या आच्छादनाने, काम चोख केलं, ते नाकारत नाही. दोन इंचांचा थर दिला की माती ओली राहते, तण डोकं वर काढत नाही. शिवाय बाग चॉकलेटसारखी घमघमते. तेव्हा लिहायला बसलो असतो तर डोळे झाकून पाच दिले असते.

पण भानगड त्या वासाचीच आहे. नवीन पोतं पसरलं त्या संध्याकाळी भुऱ्या वाफ्यात तोंड खुपसून बसला. रात्री उलट्या, मग धाप, घरभर येरझाऱ्या. छातीवर हात ठेवला तर ठोके मोजता येईनात. व्हेटनी पहिलाच प्रश्न विचारला, "चॉकलेट खाल्लंय का?" चॉकलेटमधलं थिओब्रोमिन या टरफलांतही असतं. आपण ते सहज पचवतो. कुत्र्याच्या अंगातून निम्मं उतरायलाच १७-१८ तास लागतात. वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास त्रास सुरू होतो, ६० ला झटके. टरफलांत ते किती, हे पोत्यागणिक बदलतं. म्हणजे अंदाजालाही वाव नाही. भुऱ्या वाचला. बिल मात्र मल्चच्या कैक पट.

आता ते पोतं बघा. समोर ठळक अक्षरांत 'शंभर टक्के नैसर्गिक'. इशारा? तळाच्या शिवणीत दुमडलेल्या पट्टीवर, मुंगीएवढ्या टायपात, दोरा उसवल्याशिवाय दिसणारच नाही असा. आणि दर्शनी चित्रात हिरवळीवर लोळणारं कुत्र्याचं पिल्लू! ते छापायला बरी जागा मिळाली. विक्रेत्याचं एकच पालुपद: "छापलंय ना साहेब." फोडलेलं पोतं परत घेत नाहीत म्हणे. अहो, फोडल्याशिवाय ती पट्टी वाचायची कशी?

सध्या पाइनच्या सालीचं मल्च वापरतोय. ओल धरायला थोडं कमी, पण त्यात थिओब्रोमिन नाही. निर्धोक तेही नाही: तुकडा गिळला तर आतड्यात अडकू शकतो, म्हणून मोठे तुकडे घेतले आणि भुऱ्या चघळायला लागला की हाकलतो. बुरशी चढलेला भाग लगेच काढून टाकतो. काही बुरशींच्या विषानेही कुत्र्यांना कापरं भरतं. पावसानंतर वर एक पिवळा फेसाळ गोळा येतो, हुबेहूब कुत्र्याच्या उलटीसारखा. ती श्लेष्मबुरशी, सहसा निरुपद्रवी. व्हेटना मी उगाच फोटो धाडला.

कोकोचं दीड पोतं उरलंय. घरात कुत्रं नाही आणि शेजाऱ्याचंही कुंपण ओलांडून येत नाही, अशा कुणाला हवं असेल तर न्या. अर्ध्या किमतीत; फुकट नाही.